तांबट आळीतून भांडं घरी आणताना

तांब्या-पितळेची भांडी वापरायची असं मनात आलं की बहुतेक जण आधी मोबाइलवर चित्रं बघतात. माझं ऐकाल तर आधी माळ्यावर चढा. माळा नसेल तर आईला, सासूबाईंना, गावाकडच्या काकूंना फोन करा. पोत्यात बांधून ठेवलेलं तपेलं, काळी पडलेली कळशी, तोटी गळते म्हणून अडगळीत गेलेला बंब, काही ना काही निघतंच.

माझी सुरुवात अशीच झाली. आजीचं पितळी पातेलं माझ्याकडे आलं तेव्हा आतून पार काळवंडलेलं होतं आणि ते मोडीत घालायचं घरात ठरलंही होतं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव आणि लग्नाचं साल घातलेलं दिसलं, म्हणून हात थांबला. ते पातेलं पिशवीत घालून मी पुण्याच्या तांबट आळीत गेले आणि तासाभराने चांदीसारखं लखलखीत घेऊन बाहेर पडले. त्या तासाभरात एक गोष्ट पक्की समजली. असं भांडं एकदा विकत घेऊन संपत नाही. ते कारागिराकडे परत परत जातं, कधी कल्हईला म्हणजे आतून कथलाचा थर चढवून घ्यायला, कधी पोचे काढायला, कधी डाग द्यायला म्हणजे वितळवलेल्या धातूने जोड किंवा गळती बुजवायला. हे जाणं-येणं थांबलं की भांडं माळ्यावर जातं आणि कारागीर दुसरा धंदा शोधतो. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. माझा अनुभव पुण्याचा आहे. पण नाशिकच्या भांडी बाजारात किंवा मुंबईच्या तांबाकाट्याला जाणार असाल तरी पारख करायची रीत हीच.

आधी काम ठरवा, मग धातू

दुकानात जाऊन “काहीतरी तांब्याचं दाखवा” म्हणू नका. भांडं कशाला हवंय ते घरीच ठरवा, कारण धातू त्यावर ठरतो.

तांबं पाण्याचं. पिण्याचं पाणी साठवायला हंडा, कळशी, तांब्या. आंघोळीचं पाणी तापवायला बंब, ते काढून घ्यायला घंगाळ. पूजेला ताम्हण, पळी-पंचपात्र, अभिषेकपात्र. तांब्यात स्वयंपाकही होतो आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरत असल्याने फार छान होतो, पण आतून कल्हई असेल तरच.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. स्वयंपाकघरातली मोठी कामं पूर्वीपासून पितळेकडे: पुरणाचं पातेलं, लग्नाकार्यातली तपेली, कणीक मळायची परात. इथेही आंबट पदार्थांसाठी कल्हई हवीच. बिनकल्हईच्या पितळेत ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, चव तुरट आणि धातूची होते, काठाशी हिरवट झाक येते. “कळकणं” हा शब्द आपल्याकडे या एका गोष्टीसाठी आहे, यावरूनच आधीच्या पिढ्यांना हे किती नीट माहीत होतं ते कळतं.

कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ भागांना २२ भाग. ताट, वाटी, पेला यासाठी उत्तम. पण ते ठिसूळ असतं, हातातून फरशीवर पडलं तर तडकतं. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी बहुतेक घरांत असते. काशाचा नाद ओळखायला ती एकदा बोटाने वाजवून बघा, बराच वेळ घुमत राहते.

सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी दोनच वस्तू सुचवते: पिण्याच्या पाण्याची एक तांब्याची कळशी आणि कल्हई केलेलं एक मध्यम पितळी पातेलं. सगळा संच एकदम घेऊ नका. ही दोन वर्षभर सांभाळता आली की पुढचं आपोआप सुचेल. एक सूचना मात्र आधीच. घरात फक्त इंडक्शनची शेगडी असेल तर तांबं-पितळ तिच्यावर तापणार नाही. आणि कुणाला विल्सन्स डिसीज असेल, ज्यात शरीरात तांबं साठत जातं, तर त्या व्यक्तीचं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाही.

आळीत जाताना

तांबट आळी कसबा पेठेत आहे, फडके हौद चौकाच्या अंगाला. कसबा गणपतीला जाऊन तिथून चालत जाता येतं. मेट्रोही आता कसबा पेठेपर्यंत आली आहे. गाडी नेऊ नका, गल्ल्या अरुंद आहेत आणि परत येताना हातात वजन असतं, तेव्हा रिक्षा बरी.

इथले तांबट मूळचे बहुतांशी कोकणातले. पेशवाईत पुणं वाढलं, वाडे उठले, मुदपाकखाने आले, तशी ही घराणी इथे येऊन वसली. समाजाचं नाव त्वष्टा कासार. त्वष्टा म्हणजे वेदांमधला घडवणारा देव. कासारांची कुलदेवता कालिका. कारखाना म्हणजे वेगळी इमारत नव्हे. खाली काम, वर किंवा मागे राहणं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की जमिनीत पुरलेला लोखंडी दांडा, त्याला टेकून बसलेला माणूस, भिंतीला ओळीने लावलेले हातोडे आणि कोपऱ्यात भट्टी.

काही साध्या गोष्टी पाळा. सकाळी जा; भट्टी आणि ठोकाठोक तेव्हा चालू असते आणि उजेडही चांगला असतो. हातोडा चालू असताना मधेच प्रश्न विचारू नका. ठोक्याची एक ओळ असते, ती तुटली की खूण वाकडी पडते. ओळ संपेपर्यंत थांबा, मग “काका, जरा विचारायचं होतं” म्हणा. आणि मोठ्याने बोला. वर्षानुवर्षं या आवाजात बसल्यामुळे कित्येकांना कमी ऐकू येतं, ते मान हलवतात पण शब्द पोचलेला नसतो. फोटो काढायचा तर आधी विचारा. हे त्यांचं घर आहे, हे विसरून चालत नाही.

मठारकाम नीट बघून घ्या

इथे घाई करू नका. मठार म्हणजे भांड्यावर हातोड्याने ओळीने ठोकलेले ठिपके. ते काम डोळ्यांनी बघितलं की किमतीबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पत्रा आता तयार मिळतो. तो गोल कापतात. मग दांड्यावर आडवा धरून ठोकत ठोकत त्याची वाटी करतात, वाटीचं तपेलं. तांबं ठोकलं की कडक होत जातं. काही वेळाने ते हातोड्याला दाद देईनासं होतं. तसंच रेटलं तर काठाशी चीर पडते. म्हणून भांडं भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात आणि पाण्यात टाकतात. पोलाद असं केलं तर टणक होतं. तांबं उलट मऊ होतं, पहिल्यासारखं हाताला येतं. मग पुन्हा ठोकणं, पुन्हा ताव. खोल भांड्याला हे कितीदा करावं लागेल ते पुस्तकात मिळत नाही; कारागीर हातोड्याच्या आवाजावरून ओळखतो. मऊ तांब्याचा आवाज बसका, कडक झालेल्याचा टणत्कार. मला तो फरक तिसऱ्या भेटीत ऐकू यायला लागला.

आकार झाला की भांडं आंबट पाण्यात किंवा पातळ ॲसिडमध्ये बुडवून काळं काढतात, घासतात आणि मग शेवटी मठार. त्यासाठीच्या हातोड्याचं तोंड हातात घेऊन बघायला मागा. त्यात आपला चेहरा दिसतो इतकं ते गुळगुळीत केलेलं असतं. कारण सरळ आहे: हातोड्याच्या तोंडावर केसाएवढा ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्याला भांड्यावर उमटेल. तळाच्या मध्यापासून सुरू करून एकामागे एक वर्तुळं, प्रत्येक ठोका आधीच्याला किंचित चाटून. डाव्या हाताने भांडं नखभर फिरवायचं, उजव्याने ठोका. नजर ठोक्यावर नसते, पुढच्या जागेवर असते.

हे ठिपके नक्षीसाठी आहेत असं लोकांना वाटतं. दिसायला सुंदर असतात हे खरंच, पण त्यांचं काम दुसरं आहे. शेवटच्या या ठोकण्याने धातू पुन्हा कडक होतो, पातळ भिंतीला बळ येतं, भरलेला हंडा उचलताना काठ दबत नाही. त्यामुळे मठार केलेलं भांडं पुन्हा लाल होईपर्यंत तापवत नाहीत, नाहीतर केलेली सगळी मेहनत वाया.

भांडं पारखताना

आता खरेदी. दुकानात जशी चांगली भांडी असतात तशी नुसती दिसायला तांब्याची असलेलीही असतात, म्हणून खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. तांबं, पितळ, कासं यांना चुंबक चिकटत नाही. चिकटलं, तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. चिकटलं नाही म्हणून लगेच खात्री धरू नका, काही प्रकारच्या स्टीललाही ते चिकटत नाही. काठाची कड आणि तळाची आतली बाजू बघा, मुलामा तिथेच आधी उघडा पडतो.

मग जाडी. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे ०.७. अंदाजासाठी एक हिशेब लक्षात ठेवा: ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल तांब्याचा पत्रा १८ गेजचा असेल तर पाऊण किलोच्या थोडा वर भरतो, २२ गेजचा असेल तर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दिसायला दोन्ही सारखेच. भाव वजनावर असतो, म्हणून “ते दुसऱ्या दुकानात स्वस्त होतं” म्हणण्याआधी दोन्हीचं वजन विचारा. स्वयंपाकाचं पातेलं पातळ घेऊ नका. तळाला लागतं आणि वर्षभरात पोचे येतात. पाण्याची कळशी थोडी पातळ चालते, उलट उचलायला बरी पडते.

हाताचं मठार आणि यंत्राचं मठार ओळखायला भांडं उजेडाकडे तिरकं धरा. हाताच्या ठोक्यांची ओळ नेटकी असते, पण प्रत्येक ठोका जरासा वेगळा, कुठे लांबट कुठे गोल. यंत्राच्या छापात सगळे खळगे एकाच मापाचे असतात आणि ठरावीक अंतराने तीच नक्षी पुन्हा येते. आतून हात फिरवा. हाताच्या कामात आतली बाजू सपाट आणि घट्ट लागते. यंत्राचं भांडं वाईट असतं असं मी म्हणणार नाही, पण हाताच्या कामाचे पैसे त्याला देऊ नका.

जोड बघा. घागरीच्या गळ्याशी, बुडाशी, कानांशी जिथे दोन पत्रे एकत्र येतात तिथे पितळेचा डाग दिलेला असतो. टाकणखार (बोरॅक्स) लावून भट्टीत वितळवून तो भरतात. पाणी भरून पाच मिनिटं कोरड्या कागदावर ठेवा. चांगला दुकानदार याला कधीच नाही म्हणत नाही. हँडल रिव्हेटने बसवलं असेल तर ते हातात धरून आडवं हलवा, जराही कुईकुई नको.

अगदी आरशासारखी चमकणारी, कितीही दिवस काळी न पडणारी तांब्याची बाटली असेल तर तिच्यावर लॅकरचा, म्हणजे वार्निशासारखा पारदर्शक थर असण्याची शक्यता आहे. शोभेला ठीक. वापरायची असेल तर आतून थर नाही ना, हे विचारूनच घ्या. आणि ओतीव पितळेच्या मूर्ती, समया, शोभेच्या वाट्या यांत अन्न ठेवू नका. ओतकामाच्या पितळेत कातकाम सोपं जावं म्हणून पुष्कळदा शिसं घातलेलं असतं.

बनवून घ्यायचं असेल तर

तयार वस्तूपेक्षा बनवून घेतलेली वस्तू मला नेहमीच जास्त लाभली आहे. माप कागदावर लिहून न्या, पण त्याहून चांगलं म्हणजे जुनं भांडं बरोबर न्या. “एवढंच, फक्त तोंड दोन बोटं रुंद” हे तांबटाला सेंटिमीटरपेक्षा पटकन कळतं. मग या गोष्टी आधीच बोलून घ्या: गेज किती, अंदाजे वजन किती होईल, भाव वजनावर की नगावर, मजुरी वेगळी आहे का, कल्हई त्यात धरली आहे का, झाकण आहे का. जुनी मोड देणार असाल तर तिचं वजन तुमच्यासमोर करून घ्या आणि मोडीचा भाव ठरवून मगच द्या.

आगाऊ रक्कम द्या आणि दिवस विचारा. कारागीर सांगतो त्यात चार दिवस धरून चला. मठारायला एकटा माणूस बसलेला असतो, लग्नसराईत त्याच्याकडे रांग असते. भाव करा, पण मजुरीवर घासाघीस करू नका. धातूचा भाव बाजार ठरवतो, तो त्याच्या हातात नसतो. मजुरी तेवढी त्याची असते. या आळीतली पुढची पिढी हातोडा उचलेल की नाही हे त्या आकड्यावर ठरतं, असं मला मनापासून वाटतं. वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या पुण्यातल्या मंडळींनी इथल्या तांबटांबरोबर दिवे, ट्रे, सजावटीच्या नव्या वस्तू करून घेतल्या, त्यातून नवं गिऱ्हाईक आलं. पंजाबमधल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या भांडी घडवण्याच्या कलेला तर २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली. आपल्या कसबा पेठेतलं काम त्याच तोलाचं आहे.

आणि नाव घालून घ्या. पूर्वी बारीक छिन्नीने ठिपके ठोकत, आता बहुतेक ठिकाणी विजेच्या पेनाने घालतात. जमलं तर हाताने घालणारा शोधा. नाव, प्रसंग, साल, एवढं पुरे.

घरी आणल्यावर पहिला दिवस

नव्या भांड्यावर पॉलिशची भुकटी, तेल, भट्टीचा वास असतो. गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुवा. कल्हई नसलेलं तांब्याचं भांडं असेल तर चिंचेचा कोळ आणि मीठ आतून-बाहेरून लावून दोन मिनिटांत धुऊन टाका, लगेच कोरडं पुसा. चिंच लावून विसरलात तर डाग पडतात.

कळशीत रात्री साधं पाणी भरा, सकाळी प्या, रोज रिकामी करा. तेच पाणी तीन-तीन दिवस ठेवू नका. लिंबूपाणी, ताक, फळांचा रस तांब्याच्या बाटलीत कधीच नको. आंबटात तांबं झपाट्याने उतरतं आणि पोटात मळमळ, उलटी होते. तांबं शरीराला लागतं, पण थोडंच. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा ठेवली आहे. आत हिरवा थर दिसला तर घासून काढल्याशिवाय वापरायचं नाही.

रोज लखलखीत हवंच असा हट्ट मात्र धरू नका. तपकिरी रंग चढलेलं तांबं खराब झालेलं नसतं. मी आठवड्यातून एकदा लिंबाच्या सालीवर मीठ घेऊन घासते. तारेची घासणी घरात असली तरी या भांड्यांजवळ नको, मठारावर ओरखडे पडले की ते कायमचे.

कल्हई

माझ्या लहानपणी दुपारी गल्लीत “कल्हईय्ये!” अशी लांब हाक यायची आणि बायका पातेली घेऊन खाली जायच्या. आता हाक क्वचित येते, आपल्यालाच जावं लागतं. जाल तेव्हा भांडं ठेवून निघून येऊ नका, समोर उभं राहून बघा.

आधी भांडं आतून घासून मूळ धातूपर्यंत स्वच्छ करतात. मग ते भट्टीवर ठेवून सांडशीने गोल फिरवत तापवतात; भाता चालू असतो, आता बहुतेकांकडे हाताने फिरवायचा पंखा असतो. भांडं पुरेसं तापलं की आत नवसागराची चिमूट पडते आणि पांढरा धूर उठतो, नाकात झोंबणारा. त्या धुरासाठीच नवसागर असतो. तापल्यावर तो फुटतो, त्यातून निघणारी आम्लाची वाफ धातूवरचा उरलासुरला गंज खाऊन टाकते आणि अगदी कोरा धातू उघडा पडतो. त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, कांडीचं टोक लोण्यासारखं पसरतं. कारागीर कापसाचा बोळा घेऊन ते एका फिरक्यात सगळीकडे नेतो. आधी काळसर-लाल असलेलं भांडं त्याच्या हातामागून चांदीचं होत जातं. मग पाण्यात बुडवणं, आणि ती चर्र! सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. लवकर केलं तर कथील बसत नाही, जास्त तापलं तर पिवळं पडतं.

बघायचं ते दोनच ठिकाणी. एक, कांडी. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर आतून करकर असा आवाज येतो. वाकताना कथलाच्या स्फटिकांची रचना बदलते, त्याचा तो आवाज. शिसं मुकं असतं, आणि कागदावर ओढलं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटते. शिसं कथलापेक्षा बरंच स्वस्त पडतं, म्हणून मिसळ होते. एकदा दारावर आलेल्या एका माणसाकडून मी घाईत दोन पातेली करून घेतली होती. रंग करडा आला, पांढरं फडकं फिरवल्यावर काळं झालं. ती दोन्ही पातेली तशीच बाजूला ठेवून आळीत नेली, सगळा थर काढून पुन्हा करून घेतला. पोरांच्या पोटात शिसं जाणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून कांडी वाकवून दाखवा म्हणायला संकोच करू नका. खरा कल्हईवाला उलट खूश होतो, गिऱ्हाइकाला कळतंय म्हणून. दुसरं, तळाचा कोपरा. भिंत आणि बूड मिळतं तिथे कापूस नीट पोचत नाही, बोटाने चाचपून आणि उजेडात धरून बघा, लाल-पिवळं काही दिसायला नको.

घरी ते भांडं कधीही रिकामं शेगडीवर ठेवू नका. मी एकदा पातेलं ठेवून तेलाची बरणी आणायला वळले, बरणी फडताळात मागे होती, मिनिट-दीड मिनिट गेलं असेल. परत आले तर कथील वितळून बुडाशी थेंब जमले होते. तेव्हापासून आधी तेल किंवा पाणी, मग गॅस. आच मध्यम, लाकडी पळी किंवा डाव, आणि आतून भुकटीने घासायचं नाही. गरम पाण्यात भिजवून काथ्याने. भाजणं, कोरडं परतणं यासाठी लोखंडी कढई आहेच. वरण, आमटी, खीर, पुरण, भात या भांड्यात करा.

रोज वापर असेल तर काही महिन्यांनी, सणावारापुरता असेल तर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करावी लागते. तारीख लक्षात ठेवायची गरज नाही. तळाशी धातूचा मूळ रंग रुपयाएवढा दिसायला लागला की न्यायचं. भांडी आतून घासून, कोरडी करून न्या, तेवढंच त्यांचं काम हलकं होतं. आणि चार भांडी एकदम न्या, कारण एका भांड्यासाठी भट्टी पेटवणं परवडत नाही. आम्ही सोसायटीतल्या पाच घरांनी मिळून वर्षातून तीनदा एकत्र न्यायचं ठरवलं आहे, रिक्षाचा खर्चही वाटला जातो.

माळ्यावरचा बंब

शेवटी, सुरुवातीला सापडलेल्या वस्तूंचं काय करायचं ते. पोचे आलेला हंडा टाकू नका, दांड्यावर आतून ठोकून पोचे निघतात. गळकी घागर डाग देऊन भरते. पत्रा बोटाने दाबल्यावर आत जात असेल, किंवा भोकं एकापेक्षा जास्त ठिकाणी असतील, तेव्हाच मोडीचा विचार करा.

बंब दुरुस्तीला नेताना सगळे भाग न्या: झाकण, तोटी, खालची जाळी, राखेचं ताट. मधली धुराची नळी आतून बघायला सांगा, गळती बहुतेक तिच्याच बुडाशी असते. दुरुस्त होऊन आला की आधी काठोकाठ पाणी भरा आणि मगच नळीत काटक्या किंवा कोळसे टाका. पाणी नसताना जाळ लागला तर डाग सुटतात. धूर बाहेर जाईल अशीच जागा निवडा, बाथरूमचं दार-खिडकी बंद करून बंब कधीही पेटवायचा नाही. गॅलरी किंवा अंगण असेल तर उत्तम.

बंब, घंगाळ, अभ्यंगाची भांडी दुरुस्तीला टाकायची असतील तर दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा आळीत पाय ठेवायला जागा नसते आणि कुणी तुमच्याशी दोन मिनिटं बोलूही शकत नाही. घट बसायच्या आत टाकून या, दसऱ्यापर्यंत मिळतो. घरी आणल्यावर एकदा तापवून बघा, म्हणजे काही राहिलंच असेल तर पहिल्या आंघोळीच्या आधी परत न्यायला हाताशी दिवस राहतात.